मास्तरांच्या खिशातला पंप

बालाघाटच्या सरकारी शाळेत तेजराम निनावे पी.टी.चा मास्तर म्हणून लागला तो १९६५ साली, आणि दोन वर्षांत अख्ख्या शाळेला त्याच्या शिट्टीची धास्ती बसली. उंचापुरा गडी, पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट. प्रार्थनेला उशिरा आलेल्या पोराकडे तो नुसता बघायचा आणि पोरगा आपणहून मैदानाला चक्कर मारायला निघायचा. 'थकलो' हा शब्द त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती. "थकते थो म्हातारा," तो म्हणायचा, "अन् म्हातारा तं तू नाहीस. चल, पळ!" वर्गात हिंदी, स्टाफरूममध्ये हिंदी, पण रागावला की घरची मराठी तोंडात यायची आणि पोरं तिलाच जास्त भीत.

घर मूळचं वारासिवनीचं, कोष्ट्याचं. बाप सुखराम मागावर बसायचा. चार वेळा धोटा फेकला की थांबायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून मान खाली घालायचा आणि त्याच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. गल्लीतली पोरं त्याला सुखराम शिट्टी म्हणत. खिडकीशी जमून तोंडाने तसाच आवाज काढत. दहा वर्षांचा असताना तेजरामने एकदा त्या घोळक्यात उभं राहून आवाज काढला होता. बापाने मान वर करून पाहिलं, पोरगा ओळखला, आणि परत धोटा हातात घेतला. घरी आल्यावर एक शब्द बोलला नाही. बोलला असता, दोन थपडा मारल्या असत्या, तर तेजरामला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तेजराम आखाड्यात जाऊ लागला. जोर, बैठका, मलखांब. आपल्याला बापाची छाती नको, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. अमरावतीला जाऊन व्यायामाचं शिक्षण घेतलं, नोकरी लागली, विमलाबाईशी लग्न झालं. आणि पस्तिशी ओलांडल्यावर एका थंडीत, मैदानाची धूळ नाकातोंडात जात असताना, त्याला आपल्याच छातीतून तो आवाज ऐकू आला.

वर्षभर त्याने सर्दी म्हणून भागवलं. काढे घेतले, अडुळसा घेतला. त्याला रात्री डोक्याखाली दुसरी उशी लागते हे विमलाबाईला समजलं होतं, पण नवऱ्याच्या पुढे तो विषय निघत नसे. मग १९७६ साली कबड्डीचा पंच म्हणून तो नागपूरला गेला आणि तिथे धर्मशाळेच्या जिन्यातच बसला. उठता येईना. सोबतच्या माणसाने त्याला रिक्षात घालून सीताबर्डीतल्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सुई दिली, छातीला नळी लावली, आणि मग टेबलाच्या खणातून एक लहानसा पंप काढला.

"हा नीट हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. ओठ घट्ट मिटायचे, दाबायचा, त्याच वेळी हळूहळू आत ओढायचा. मग दहापर्यंत मोजायचं, तोवर सोडायचा नाही. छातीतल्या नळ्या आवळतात, त्या यानं सैल होतात. आजार जात नाही, पण दम परत येतो."

"हात थरथरून राह्यले, डॉक्टरसाहेब."

"थोडे थरथरतात. छाती धडधडते. थांबेल ते." डॉक्टर हसले. "आणि तोंड कशाला पाडता? चष्मा लावतोच ना माणूस?"

पण चष्मा काही पी.टी.च्या मास्तरच्या पोटावर येत नाही. तेजरामने पंप रुमालात गुंडाळून खिशात ठेवला तो कायमचाच. खेळाच्या सामानाची खोली होती, तिच्या मागे बोरीचं झाड आणि पडकी भिंत. मैदानावर जाण्याआधी तो तिथे जायचा, दोनदा ओढायचा, तोंड पुसायचा आणि शिट्टी वाजवत बाहेर यायचा. चपराशी शालिकरामला वाटायचं की मास्तर लपून बिडी ओढतात. तेजरामने ते वाटू दिलं. बिडीची लाज नव्हती.

विमलाबाई एकदा म्हणाली होती, "औषधच हाय ना जी थे? दारू तं नाही."

"तुले नाही समजत," तो म्हणाला होता.

पुढच्या वर्षी नववीत अंजना आली. चैतराम मेश्रामची मुलगी. चैतराम छोट्या लाईनवर, म्हणजे नॅरोगेजवर, गँगमन होता. गोंदियाकडे जाणाऱ्या रुळांवर हातोडा घेऊन फिरायचा. पोरगी बारीक, काळीसावळी, अभ्यासात पुढे. पी.टी.च्या पहिल्याच तासाला तिने बापाच्या अक्षरातली हिंदी चिठ्ठी पुढे केली. मुलीला दम्याची तक्रार आहे, तिला पळण्यातून सूट मिळावी.

तेजरामने चिठ्ठी वाचली. ती वाचताना त्याचा दुसरा हात खिशावर गेला.

"दमा? तुझ्या उमरीत?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "डॉक्टरचं सर्टिफिकेट आन. बाप काय डॉक्टर हाय?"

सर्टिफिकेट आलं नाही. अंजना पळायची. पहिल्या चकरेत सगळ्यांबरोबर, दुसऱ्या चकरेत मागे, तिसऱ्या चकरेत एकटी. ती जवळून गेली की तेजरामला तो आवाज ऐकू यायचा. शाळेतल्या सातशे माणसांत तो आवाज कशाचा आहे हे पक्कं जाणणारा एकटा तोच होता. आणि म्हणूनच त्याला ती पोरगी डोळ्यांसमोर नको व्हायची. तिला बसवलं तर उद्या कोणी विचारेल, मास्तर, तुम्हाला कसं कळलं? असं कोणी विचारणार नव्हतं. पण चोराला सगळेच शिपाई दिसतात.

एक दिवस ती धापा टाकत त्याच्यासमोर येऊन थांबली. बोलायला गेली, पण शब्दांच्या आधी छातीच वाजली. रांगेतली पोरं बघत होती. तेजराम म्हणाला, "या मैदानात शिट्टी एकच वाजते. माझी."

पोरं खदखदून हसली. संध्याकाळपर्यंत तिचं नाव पडलं, शिट्टी. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी दोन पोरं तोंडाने तो बारीक आवाज काढत होती आणि अंजना हातात ग्लास घेऊन उभी होती. तेजराम तिथून जात होता. एका हाळीने ती पोरं गप्प झाली असती. तो पुढे गेला.

१९७८ च्या जानेवारीत सव्वीस तारखेच्या परेडची तयारी चालू होती. सकाळची कडक थंडी, कोरडं मैदान, दोनशे पोरांच्या पायांनी उडालेली लाल धूळ. परेडच्या आधी चार चकरा असा त्याचा नेम. तिसऱ्या चकरेत अंजना खाली बसली. तेजरामने शिट्टी मारली, "ऊठ!" ती उठली नाही. दोन्ही हात जमिनीवर टेकवून, खांदे वर ओढून ती हवा ओढत होती आणि हवा आत जात नव्हती. ओठ निळे पडत होते.

तो धावत गेला, गुडघ्यांवर बसला. पोरांचं कडं झालं. अंजनाने मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, खाली कुठेतरी. तेजरामचा हात खिशात गेला. रुमालाची घडी लागली, घडीच्या आत पंप लागला. त्याने तो मुठीत धरला. चारशे डोळे. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, पानी आनू का?"

हात बाहेर आला तो नुसता रुमाल घेऊन. पंप खिशात राहिला. रुमालाने त्याने तिचं तोंड पुसलं.

मग तिला उचललं आणि तो दवाखान्याकडे पळत सुटला. शालिकराम मागे. बाजारातल्या लोकांनी पाहिलं, दुकानदार बाहेर आले. पोरगी हलकी होती, पण थंडी होती, धूळ होती, आणि छाती त्याच्या बापाचीच होती. अर्ध्या वाटेत त्याचे पाय थांबले. समोरून सायकलरिक्षा आली. "शालिक, तू घेऊन जाय," तो कसाबसा म्हणाला, "मी आलोच." रिक्षा गेली. तेजराम एका गोदामाच्या भिंतीआड गेला. त्याने खिशातून पंप काढला, हलवला, ओठ मिटले, दाबला. दहापर्यंत मोजलं. पुन्हा दाबला. पुन्हा दहापर्यंत मोजलं.

छाती मोकळी झाली. तोंड पुसून तो धावत दवाखान्यात पोचला.

अंजनाला सुई दिली, प्राणवायू लावला. दुपारी ओठांचा रंग परत आला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. चैतराम रुळांवरून तसाच आला होता, पायाला गिट्टीची पांढरी भुकटी. तो वाकला आणि तेजरामच्या पायाला हात लावू लागला.

"नाही, नाही, चैतरामजी," तेजराम मागे सरकला.

"गुरुजी, तुम्ही होते म्हनून माही पोरगी हाय."

सव्वीस जानेवारीला हेडमास्तरांनी झेंड्याखाली शाल आणि नारळ दिला. विद्यार्थिनीला खांद्यावर घेऊन धावणारा गुरू, असं हिंदीत मोठं भाषण झालं. टाळ्या वाजल्या. शाल घेताना तेजरामचे हात थरथरत होते, कारण सकाळीच त्याने बोरीमागे दोन वेळा ओढला होता. हेडमास्तर लोकांना म्हणाले, "बघा, किती भावुक झालेत." त्याने शाल घेतली. नारळही घेतला. घरी आल्यावर विमलाबाईने शाल उलगडून पाहिली आणि तो न्हाणीत निघून गेला.

अंजना शाळेत आली नाही. आठवडा झाला, दुसराही झाला. वर्गातल्या मुलींनी सांगितलं की तिचा बाप तिला आता पाठवणार नाही. शिकून काय करायचं, पोरगी जगली म्हणजे झालं.

तेजरामने त्या दिवशी विमलाबाईला सगळं सांगितलं. बोरीच्या झाडापासून गोदामाच्या भिंतीपर्यंत. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. शेवटी सूप खाली ठेवून म्हणाली, "मले काहून सांगता? ज्याले सांगाचं त्याले जाऊन सांगा."

रविवारी दुपारी तो रेल्वेच्या क्वार्टरांकडे गेला. चैतराम अंगणात खाटेची नवार ताणत होता. मास्तरला पाहून उठला, खाट झाडली, आत चहाचं सांगितलं. तेजराम बसला नाही. त्याने खिशातून पंप काढला आणि खाटेवर ठेवला.

"हे काय होय जी?"

"दम्याचं औषध. माह्यं. दोन वर्सांपासून मी घेऊन राह्यलो." त्याला वाटलं होतं की इथून पुढचं सोपं जाईल. "त्या दिवशी हे माह्या खिशात होतं. मैदानातच दिलं असतं तं तिले आराम पडला असता. मी नाही काढलं."

तेजरामने मनाशी ठरवलं होतं की एवढंच सांगायचं, भिंतीमागचं नाही. पण जीभ थांबली नाही.

"तिले रिक्षात टाकलं, अन् मंग मी भिंतीमांगं जाऊन सोताच घेतलं. माहा दम चालला होता म्हनून."

दारात अंजना चहाचे कप घेऊन उभी होती. ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"काय मालूम होतं व?" चैतरामने विचारलं.

"सरांच्या खिशात थे हाय म्हनून. बोरीमांगं घेतात. मी दिवाळीच्या आंधीच पाह्यलं होतं." तिने कप खाटेच्या कडेला ठेवले. "त्या दिवशी मले वाटलं, काढतीन."

एवढंच बोलून ती आत गेली. तेजरामला तिची ती खाली वळलेली नजर आठवली. ती खिशाकडे बघत होती. तिने तीन महिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. तिला शिट्टी म्हणणाऱ्या पोरांनाही नाही. सांगितलं असतं तर एका दिवसात ते नाव तिच्यावरून उतरून त्याच्यावर आलं असतं.

चैतराम पंपाला हात न लावता, नुसता त्याच्याकडे बघत म्हणाला, "गुरुजी, एक गोष्ट इचारतो. राग नका मानू."

"इचारा."

"हे तुम्ही तोंडात धरता. आमच्या पोरीच्या तोंडाले लागलं असतं, अन् मंग परत तुमच्या. म्हनून तं नाही ना काढलं?"

चैतराम जातीबद्दल, विटाळाबद्दल विचारत होता. हा प्रश्न त्याच्या मनात कधी आला नव्हता; पण चैतरामच्या मनात तो येऊ शकतो, आणि तो येणं किती साहजिक आहे, हे त्याला आत्ता दिसलं.

"नाही, चैतरामजी. थे नाही." त्याला आपलाच आवाज खोटा वाटला. "लोकाईले समजन का निनावे मास्तरले दमा हाय, याची लाज वाटली. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी," चैतराम म्हणाला. रागाने नाही, एखाद्या वस्तूचं वजन हातावर बघावं तसं. तेजरामला वाटलं, त्याने शिव्या द्याव्या, हाकलून द्यावं. चैतरामने त्याच्या पुढचा कप सरकवला.

"चहा घ्या. थंडा होते." आणि तेजरामने दोन घोट घेतल्यावर विचारलं, "आता हे सांगा, हे औषध भेटते कोठी?"

पुढच्या आठवड्यात तिघेही छोट्या लाईनने गोंदियाला आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूरला गेले. त्याच सीताबर्डीच्या डॉक्टरांनी अंजनाला तपासलं. तिला पहिल्यांदा जमेना. ती दाबायची आधी आणि ओढायची नंतर, सगळं औषध जिभेवर. डॉक्टरांच्या टेबलाशी, चैतराम बघत असताना, तेजरामने आपला पंप काढून तिला करून दाखवलं. श्वास सोडला, ओठ मिटले, दाबत हळू ओढलं, आणि बोटांवर दहा मोजले. कोणासमोर पंप घेण्याची त्याची ती पहिलीच वेळ. अंजनाने त्याच्या बोटांकडे पाहत पाहत केलं आणि तिसऱ्यांदा जमलं. डॉक्टरांनी बजावलं की धुळीत पळायचं नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही, आणि पंपाने आराम पडला नाही तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. चैतरामने ते सगळं दोनदा वदवून घेतलं. परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला. तेजरामने शेंगदाण्याची पुडी पुढे केली, ती त्याने घेतली, पण पायाला हात लावणारा तो माणूस आता या डब्यात नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अंजना शाळेत आली त्या सोमवारी तेजराम हेडमास्तरांकडे गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. "निनावेजी, जो हो गया सो हो गया। शाल दे चुके, अखबार में छप गया। अब स्कूल का नाम क्यों बिगाड़ते हो?"

तेजराम प्रार्थनेनंतर मंचावर चढला. अडखळत्या हिंदीत त्याने सांगितलं की मला दमा आहे, माझ्या बापालाही होता. अंजना मेश्राम पडली तेव्हा औषध माझ्याजवळ होतं आणि मी ते दिलं नाही. शाल माझी नाही. मग त्याने पंप काढून सगळ्यांसमोर घेतला. दहापर्यंत मोजताना मैदान गप्प होतं. श्वास सोडला तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी तोंडाने तो बारीक आवाज काढला आणि अकरावीपर्यंतच्या सगळ्या रांगा हसल्या. तेजराम उभा राहून ऐकत राहिला. मुलींच्या रांगेत अंजना हसत नव्हती. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ती आपल्या चपलांकडे बघत होती, आणि आपण तिचं नाव सगळ्यांसमोर पुन्हा काढलं, तिला विचारलंसुद्धा नाही, हे त्याला तेव्हा उमगलं.

शिट्टी हे नाव त्याच्यावर आलं. शाळेच्या भिंतीवर कोळशाने कोणीतरी त्याचं चित्रही काढलं. हेडमास्तर त्याच्याशी कामापुरतं बोलू लागले. अंजनाला पळण्यातून सूट मिळाली, पी.टी.च्या तासाला ती वाचनालयात बसायची. समोरून आली की "नमस्ते सर" म्हणायची, चांगलं स्पष्ट म्हणायची, आणि थांबायची नाही. तो थांबायचा. त्याला विचारायचं असे की बरी आहेस ना. ती तोवर पुढे गेलेली असायची. दहावीत ती दुसरी आली हे त्याला निकालाच्या फळ्यावरून कळलं.

१९७९ च्या पावसाळ्यात त्याची बदली बैहरला झाली. नवी शाळा, साल वृक्षांच्या राईला लागून मैदान, पोरं आसपासच्या खेड्यांतली, काही उकव्याच्या मँगनीजच्या खाणीकडची. पहिल्याच तासाला त्याने पंप टेबलावर हजेरीपटाशेजारी ठेवला आणि तो काय आहे ते सांगितलं. "तुमच्यात कोणाची छाती पळताना आवळत असेल तर मला येऊन सांगा. सर्टिफिकेट नको, चिठ्ठी नको."

त्या दिवशी कोणी आलं नाही. आठवड्याने एक मुलगी आली. मग दोन पोरं आली, एकमेकांना ढकलत, तू सांग तू सांग करत. एका वर्गात तिघं. तेजराम त्यांची नावं वहीत लिहायला बसला आणि हात थांबला. बालाघाटला तो चौदा वर्षं होता. किती वर्ग झाले असतील? कामचोर म्हणून ज्यांना त्याने दोन चकरा वाढवून दिल्या होत्या, तिसऱ्या चकरेत मागे पडून कंबरेवर हात ठेवून उभी राहिलेली, त्यांच्यातली किती? त्याने आठवून पाहिलं. कोणाचा फाटका सदरा आठवला, कोणाच्या वेण्या आठवल्या. एकाचंही नाव आठवेना.